क्लासच्या नोट्स आणि पोटॅशियमचं पान

मेडिकल-सर्जिकल नर्सिंगची पूर्ण उजळणी करून देतो, अशी जाहिरात वाचून मी पणजीतल्या एका क्लासची फी भरली. अख्खी, आगाऊ. पेडणे-डिचोलीहून कदंब बसने येणाऱ्या मुली मध्येच सोडून जातात, म्हणून हप्ते नाहीत, असं काउंटरवरच सुनावलं होतं. नाव लिहीत नाही. पण यंदाही मुली तिथे पैसे भरताहेत, म्हणून हे लिहिते.

द्रव आणि क्षारांचा धडा चालू होता. छापील नोट्समध्ये वाक्य होतं: पोटॅशियम कमी असल्यास पोटॅशियम क्लोराईड 'स्लो आय. व्ही. पुश'. वाचून माझ्या अंगावर काटा आला. पोटॅशियम सिरिंजने थेट शिरेत कधीच द्यायचं नाही, हळूही नाही. आपल्याकडच्या 10 मिलीच्या अँप्यूलमध्ये साधारण 20 मिलीइक्विव्हॅलंट असतं. ते तसंच टोचलं तर हृदय बंद पडू शकतं. सलाईनमध्ये नीट मिसळून, लघवी होतेय ना हे पाहून, साध्या वॉर्डात सहसा तासाला 10 मिलीइक्विव्हॅलंटपेक्षा जास्त नाही, असंच देतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2007 साली रुग्णसुरक्षेचे उपाय सांगितले, त्यात अशा तीव्र क्षारद्रावणांवर नियंत्रण हा एक उपाय होता.

दुसऱ्या दिवशी मी ब्रुनर-सुडार्थचं पाठ्यपुस्तक घेऊन गेले आणि पान उघडून दाखवलं. सरांनी पुस्तकाकडे पाहिलंसुद्धा नाही. "परीक्षेत 'स्लो' दिसलं की टिक करा. वॉर्डातलं वॉर्डात बघा." वर सगळ्यांसमोर म्हणाले, "गावाकडच्या मुलींना समजायला वेळ लागतो." ते वाक्य अजून डाचतं. फी परत मागितली, तर पावतीच्या मागची बारीक अक्षरं दाखवली. पुढच्या बॅचला तेच पान तसंच्या तसं झेरॉक्स करून दिलं.

म्हणून सांगते. पैसे भरण्याआधी नोट्सची तीन पानं मागा: पोटॅशियम, इन्शुलिन, रक्त चढवणं. ढगाळ दिसणारं एनपीएच इन्शुलिन शिरेतून देत नाहीत. रक्त लावल्यावर पहिली 15 मिनिटं पेशंटजवळ थांबायचं. थंडी, ताप, कंबरदुखी, धाप यातलं काही दिसलं तर आधी रक्त बंद करायचं, मग नव्या सेटने नॉर्मल सलाईन चालू ठेवून डॉक्टरांना कळवायचं. या पानांवर चूक असेल, तर बाकीची उलटूच नका.

स्वतः अभ्यास करतानाही लक्षणांच्या याद्या घोकू नका, कारणापासून सुरुवात करा. हृदयाची डावी बाजू थकली की रक्त फुप्फुसांत तुंबतं, म्हणून धाप लागते, आडवं झोपवत नाही. उजवी थकली की ते शरीरात मागे साचतं, म्हणून पाय सुजतात, मानेच्या शिरा फुगतात. एवढं कळलं की यादी आपोआप लिहिता येते. वॉर्डात पाहिलेला पेशंट त्याच संध्याकाळी पुस्तकात शोधा. जागरण टाळा, मैत्रिणींसोबत अभ्यास करा. फी हप्त्यानेच भरा.

आणि "असं का?" विचारल्यावर जो शिकवणारा चिडतो, त्याच्या वर्गातून उठा. औषधाच्या तक्त्यावर सही तुमची असते, त्याची नाही.