उलट्या अर्थाची स्तुति

विद्यार्थ्यांनो, "वा, मोठे दिवे लावलेस!" हें वाक्य आपल्या वाशीमकडे घरोघरीं ऐकूं येतें, परंतु त्या वेळीं दिवा कोठेंच लागलेला नसतो. उजेड पाडणें, तारे तोडणें, मुक्ताफळें उधळणें, ह्या वाक्प्रचारांत शब्द सारे तेजाचे, अर्थ मात्र उलटा. "दीड शहाणा" म्हणतांना तर अर्धें शहाणपण अधिक देऊन सगळेंच काढून घेतात! फारशींतून आलेलें आपलें "शाबास" असेंच दुधारी आहे. तुर्क लोकही फारशींतूनच घेतलेला "आफेरीन" हा शाबासकीचा शब्द चुकणाऱ्यास उपहासानें ऐकवितात. मोल्सवर्थसाहेबांच्या कोशांत (दुसरी आवृत्ति, १८५७) शब्दांचा अर्थ मिळेल. बोलणाराचा स्वर कोठून मिळणार?

एकदां गणित चुकलेल्या एका मुलास मीं म्हणालों, "काय उजेड पाडलास!" वर्ग हंसला. मुलगा तांड्यावरून नुकताच आलेला, घरीं बंजारी बोलणारा. स्तुति समजून तोही हंसला. शेजाऱ्यानें कानांत अर्थ सांगितला, तेव्हां त्यानें जी मान खालीं घातली ती घंटा होईपर्यंत वर केली नाहीं.

दुसऱ्या दिवशीं मीं वर्गासमक्ष त्याची क्षमा मागितली आणि विचारिलें, "तुमच्या बोलींत असें उलटें बोलतात काय?" त्यानें दोन वाक्यें सांगितलीं. आतां आम्हां कोणासच अर्थ कळेना. तो मात्र पोट धरून हंसत होता.