मॅरेथॉनचे ३८५ यार्ड

मॅरेथॉन शर्यतीचे अंतर ४२.१९५ किलोमीटर असते. हा अडनिडा आकडा आला कोठून, असा प्रश्न तुम्हांला कधी पडला आहे काय?

१८९६ साली अथेन्सला भरलेल्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकमध्ये हे अंतर सुमारे ४० किलोमीटर होते. पुढे ते दर वेळी थोडेफार बदलत गेले. १९०८ साली लंडनची शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून सुरू झाली. तेथून क्रीडांगणापर्यंत २६ मैल, आणि आत राजघराण्याच्या बैठकीसमोरील अंतिम रेषेपर्यंत आणखी ३८५ यार्ड!

या ३८५ यार्डांनीच घात केला. इटलीचा दोरांदो पिएत्री सर्वांच्या आधी क्रीडांगणात शिरला; पण थकव्याने त्याचे भान हरपले होते. तो उलट दिशेलाच वळला. पुन्हा पुन्हा कोसळला. अखेर अधिकाऱ्यांनी आधार देऊन त्याला रेषेपार नेले. मदत घेतली म्हणून तो बाद ठरला आणि अमेरिकेचा जॉनी हेझ विजयी झाला. दुसऱ्या दिवशी राणी अलेक्झांड्राने पिएत्रीला सोन्याचा मुलामा दिलेला चांदीचा चषक दिला खरा. पण शर्यत नुसती २६ मैलांची असती, तर सुवर्णपदक बहुधा त्याचेच होते.

गंमत अशी की, १९२१ साली नेमके हेच अंतर कायम करण्यात आले. १ मैल म्हणजे १६०९.३४४ मीटर व १ यार्ड म्हणजे ०.९१४४ मीटर धरून गुणाकार करून पाहा. उत्तर ४२,१९५ मीटरपेक्षा जेमतेम सव्वा सेंटिमीटरने कमी येईल.