गोष्ट कुणाची?

प्रस्तावना

एकच कथा वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून ऐकताना ती थोडी थोडी बदलत जाते, हा अनुभव तुम्ही घेतला असेल. संत एकनाथांचे ‘भावार्थ रामायण’ युद्धकांडापर्यंत आले असता त्यांनी देह ठेवला आणि पुढील भाग गावबा या शिष्याने पुरा केला, असे परंपरा सांगते. रामकथेवर गुरूचा हक्क की शिष्याचा, असा वाद झाल्याचे ऐकिवात नाही. या पाठात ज्या कथेचा विचार केला आहे, ती मात्र विसाव्या शतकातील अमेरिकेत जन्मली आणि तिला कायदेशीर मालक आहे.

पाठ

२५ मे १९७७ रोजी अमेरिकेत ‘स्टार वॉर्स’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. दिग्दर्शक होते जॉर्ज ल्यूकस. वाळवंटी ग्रहावर काका-काकूंच्या शेतावर वाढलेला ल्यूक, त्याला विद्या देणारा वृद्ध एकांतवासी, बंदिवान राजकन्या आणि काळे चिलखत घातलेला डार्थ व्हेडर ही त्यातील प्रमुख पात्रे. हा व्हेडर नायकाचाच पिता निघतो, हे १९८० च्या दुसऱ्या चित्रपटात कळते. देशोदेशींच्या पुराणकथांत एकाच वीराची वाटचाल दिसते, असे मांडणाऱ्या जोसेफ कॅम्बेल या अभ्यासकाच्या ग्रंथाचा आधार ल्यूकस यांनी घेतला होता. पुराणाच्या साच्यात घडलेली ही कथा प्रेक्षकांनीही पुराणासारखीच मनात जपली.

१९९९ साली या मालेतील ‘द फँटम मेनेस’ आला. सोळा वर्षे वाट पाहिलेल्या अनेक चाहत्यांची निराशा झाली. जार जार बिंक्स या विनोदी पात्राच्या मर्कटलीला त्यांना रुचल्या नाहीत. त्याहून खोल दुखणे निराळेच होते. आधीच्या चित्रपटांतील ‘फोर्स’ ही विश्व व्यापणारी गूढ शक्ती होती; येथे रक्तातील सूक्ष्मजीव मोजून कुणात ती किती, हे ठरू लागले. ज्या गोष्टीपुढे हात जोडायचे, तिची रक्ततपासणी झाली!

२००१ च्या सुमारास अमेरिकेत एक व्हिडिओ कॅसेट हातोहात फिरू लागली. कुणा चाहत्याने हाच चित्रपट घरी पुन्हा संकलित केला होता. संकलन म्हणजे चित्रित दृश्ये निवडणे, कापणे आणि जोडणे. त्याने सुमारे वीस मिनिटे गाळली. जार जारच्या लीला कमी केल्या, बाळबोध संवाद छाटले, लांबलेली स्पष्टीकरणे आवरली. ही आवृत्ती ‘द फँटम एडिट’ या नावाने ओळखली गेली. ल्यूकस यांच्या कंपनीने प्रारंभी फारसे मनावर घेतले नाही. प्रतींचा प्रसार वाढल्यावर मात्र हा स्वामित्वहक्काचा भंग असल्याचे सांगितले. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबरच होते. दुसऱ्याची कलाकृती कापून वाटण्याचा अधिकार आवड असल्याने मिळत नाही.

परंतु मालकानेही आपली कथा जशीच्या तशी ठेवली नव्हती. १९९७ साली ल्यूकस यांनी जुने तीन चित्रपट नवी दृश्ये घालून पुन्हा प्रदर्शित केले. मूळ चित्रपटात हान सोलो हा तस्कर एका खानावळीत बसला असता ग्रीडो नावाचा मारेकरी त्याच्यावर शस्त्र रोखतो, आणि हान मेजाखालून त्याला ठार करतो. नव्या आवृत्तीत ग्रीडो आधी गोळी झाडतो आणि त्याचा नेम चुकतो. बदल क्षणभराचा, पण त्याने माणूस बदलला. स्वार्थी हान शेवटी मित्रासाठी परत येतो, यातच त्या पात्राची थोरवी आहे. तो आरंभापासूनच सज्जन असेल तर परत येण्याचे मोल घटते. हे दृश्य २००४ आणि २०१९ सालीही पुन्हा बदलण्यात आले. विशेष म्हणजे १९८८ साली कृष्णधवल चित्रपटांना रंग देण्याविरुद्ध अमेरिकी काँग्रेससमोर साक्ष देताना, कलाकृतींत असा फेरफार करणे रानटीपणाचे आहे, असे याच ल्यूकस यांनी ठणकावले होते.

जुनी आवृत्ती बाजारातून जवळजवळ नाहीशी झाली. २००६ साली ती डीव्हीडीवर मिळाली, तीही १९९३ च्या लेसर डिस्कसाठी केलेल्या अस्पष्ट मुद्रणावरून. तेव्हा काही चाहत्यांनी उलट दिशेचे काम हाती घेतले. कापण्याऐवजी त्यांनी जुने परत जोडले. निरनिराळ्या डिस्क, जुन्या फिल्मच्या प्रती, एकेक चौकट तपासून १९७७ चे रूप उभे केले. यात वर्षे गेली. मोबदला काही नव्हता.

हे काम वाचताना पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेची आठवण होते. १९१९ ते १९६६ या काळात तेथील विद्वानांनी महाभारताच्या १,२५९ हस्तलिखितांच्या आधारे चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. वस्त्रहरणाच्या वेळी द्रौपदी कृष्णाचा धावा करते, तो भाग त्यांना नंतरचा वाटला. म्हणून तो मुख्य संहितेतून काढून तळटीपांत व परिशिष्टांत ठेवला. कीर्तनकाराने मात्र धावा सोडला नाही आणि त्याला कुणी अडवलेही नाही. संशोधकाचे महाभारत आणि कीर्तनातले महाभारत दोन्ही नांदली. ‘स्टार वॉर्स’च्या चाहत्याला ही मोकळीक नाही. २०१२ साली ही सारी कथा ल्यूकस यांच्या कंपनीसह सुमारे ४०५ कोटी डॉलरना डिस्ने कंपनीला विकली गेली. व्यासांची संहिता अशी विकता आली नसती.

जून २०२५ मध्ये लंडन येथे ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या महोत्सवात १९७७ ची जतन केलेली मूळ प्रत पडद्यावर दाखवण्यात आली. त्या रात्री हाननेच आधी गोळी झाडली.

स्वाध्याय

१. हान सोलोच्या दृश्यातील बदलाला चाहत्यांनी एवढे महत्त्व का दिले असावे?

२. निर्मात्याला आपली कलाकृती कितीही वेळा बदलण्याचा अधिकार असावा का? तुमचे मत सकारण लिहा.

३. तुमच्या घरी वा गावी सांगितल्या जाणाऱ्या एखाद्या कथेची दोन रूपे मिळवा. कोणता भाग बदलला आणि कोणता तसाच राहिला, ते आठ-दहा ओळींत लिहा.