शत्रूवाचून लढाई

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर होणारी गोटमार तुम्हांस ठाऊकच आहे. एका तीरावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव. समोर उभे असतात ते आपलेच सोयरेधायरे. परका शत्रू कोणीही नसतो. तरीही दगड उडतात आणि डोकी फुटतात. मी कोकणी बोलणाऱ्या घरातून इकडे आलो, तेव्हा हे पाहून चकित झालो होतो. काही दुर्मिळ रोगांत मानवी शरीरातही असाच प्रकार घडतो, हे पुढे वाचनातून कळले.

शरीरात जंतू शिरले की रक्षक पेशी त्यांवर तुटून पडतात. त्या झुंजीत ताप चढतो, सूज येते. ह्यालाच दाह म्हणतात. आणि एरवी तो आपला मित्रच होय. परंतु एखाद्या जनुकात जन्मतः दोष असला, तर जंतू नसतानाही धोक्याची घंटा वाजू लागते. अशा रोगांना ‘ऑटोइन्फ्लमेटरी’, म्हणजे स्वयंदाही रोग, हे नाव 1999 साली मिळाले.

हा दाह मेंदूपर्यंत पोहोचला म्हणजे मोठा अनर्थ होतो. ‘डाडा-टू’ हा असाच एक रोग. त्यात एका एन्झाइमच्या अभावी रक्तवाहिन्यांना दाह होतो. मुलास वारंवार ताप येतो, त्वचेवर जाळीसारख्या जांभळट रेषा उमटतात, आणि कधी कधी पाच वर्षांच्या आतच अर्धांगवायूचा झटका येतो. ह्या रोगाचे मूळ 2014 साली संशोधकांच्या दोन गटांनी उलगडले. भारतातही त्याचे रुग्ण आढळले आहेत. सदोष जनुक आई आणि वडील ह्या दोघांकडूनही आले, तरच हा रोग होतो. अशा दांपत्याच्या प्रत्येक अपत्यास त्याचा संभव चारांत एक असतो.

दुसरा रोग ‘क्रायोपायरिन’ नावाच्या प्रथिनातील दोषामुळे होतो. अंगावर गांधी उठतात, ताप येतो. त्याच्या तीव्र प्रकारात मेंदूच्या आवरणास सूज येऊन डोके दुखते, आणि हळूहळू ऐकूही कमी येऊ लागते. शिक्षक म्हणून मला येथेच टोचणी लागते. ऐकू न येणाऱ्या मुलास ‘तुझे लक्ष नाही’ म्हणून आपण किती सहज रागावतो!

सुदैवाने ह्या रोगांवर आता उपाय आहेत. पहिल्यात ‘टीएनएफ’ हे दाहकारक द्रव्य रोखणाऱ्या इंजेक्शनांनी अर्धांगवायूचे झटके बहुधा टळतात; दुसऱ्यात ‘इंटरल्यूकिन-वन’ रोखणारी औषधे गुणकारी ठरतात. तथापि मेंदूची एकदा झालेली हानी पुष्कळदा भरून येत नाही. म्हणून निदान लवकर होणे, हेच खरे औषध होय.

बहुतेक ताप साधेच असतात. उगाच भिऊ नये. पण घरातील मुलास पुनःपुन्हा ताप येत असेल, त्यासोबत पुरळ, सांधेदुखी, डोकेदुखी वा बहिरेपणा असेल, तर एक वही करावी. तापाची तारीख, तो किती चढला, किती दिवस टिकला, हे तीत लिहावे. हातापायातील शक्ती अचानक गेली, तर मात्र एक क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे. सौंसरजवळच्या जामसावळीस जाऊन हनुमंतास नवस अवश्य बोलावा. परंतु ती वही घेऊन नागपूरच्या मोठ्या रुग्णालयाची वाटही धरावी. श्रद्धेने मनास धीर येतो, आणि वेळेवर झालेल्या निदानाने मेंदू वाचतो. मुलास दोहोंची गरज आहे.