सार्वजनिक कार्यांत हातभार कसा लावावा?

इ. स. १९९१ मध्यें हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स नामक विद्यार्थ्यानें संगणकाच्या 'लिनक्स' या कार्यप्रणालीचा गाभा लिहिण्यास आरंभ केला व त्याची आज्ञावली सर्वांस खुली केली. पुढें जगांतील हजारों लोकांनीं तींत भर घातली. इतके हात लागूनही ती कृति बिघडत कां नाहीं? तेथें पाळले जाणारे नियम हेंच त्याचें कारण होय. त्यांपैकीं चार आम्ही येथें देतों.

पहिला : एका वेळीं एकच सुधारणा पाठवावी. अनेक बदल मिसळल्यास दोष कशांत आहे, हें तपासणारास कळत नाहीं.

दुसरा : काय बदललें एवढेंच नव्हे, तर कां बदललें, हेंही लिहावें.

तिसरा : स्वतः चालवून पाहिल्यावांचून कांहीं पाठवूं नये; आणि परीक्षकानें चूक दाखविल्यास न रागावतां ती सुधारावी.

चौथा नियम सर्वांत महत्त्वाचा. लिनक्समध्यें परक्याच्या मालकीचें लिखाण शिरलें आहे, असा वाद २००३ सालीं अमेरिकेंतील न्यायालयांत गेला. तेव्हां २००४ पासून असें ठरलें कीं, प्रत्येकानें आपल्या सुधारणेखालीं नांव घालावें. हें लिखाण माझें आहे, अथवा तें देण्याचा मला अधिकार आहे, अशी ती ग्वाही होय. ती खोटी ठरल्यास एकाची नव्हे, सर्वांची मेहनत संकटांत येते.

विद्यार्थीमित्रहो, शेजाऱ्याच्या वहींतून उतरून घेतलेल्या उत्तरावर आपलें नांव लिहिण्यापूर्वीं, त्या नांवानें आपण कशाची ग्वाही देत आहों, याचा क्षणभर विचार करा.