वीजग्राहकाची नोंद आणि तिची दुरुस्ती

ठाणे, कल्याण व डोंबिवली परिसरात घर बदलणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. भाडेकरू जातो; परंतु वीजग्राहकाच्या नोंदीत त्याचाच भ्रमणध्वनी क्रमांक राहून जातो. परिणामी देयकाची सूचना आणि वीजपुरवठा बंद राहण्याची पूर्वसूचना भलत्याच घरी पोहोचते.

ही दुरुस्ती सोपी आहे. महावितरणच्या प्रत्येक ग्राहकास १२ अंकी ग्राहक क्रमांक असतो. तो देयकावर छापलेला असतो. नोंदवावयाच्या भ्रमणध्वनीवरून ‘एमआरईजी’ ही इंग्रजी अक्षरे, एक जागा मोकळी सोडून ग्राहक क्रमांक, असा लघुसंदेश ९९३०३९९३०३ या क्रमांकावर पाठवावा.

मात्र, याने ग्राहकाचे नाव बदलत नाही. त्यासाठी स्वतंत्र अर्ज व कागदपत्रे आवश्यक असतात. मार्गदर्शन करणाऱ्यांनी हा भेद नागरिकांस प्रथम समजावून देणे अगत्याचे आहे.