भिंतीवरचा निळा निळाच दिसावा : व्हिनाईल प्रिंटसाठी फाइल कशी तयार करावी?



आता बऱ्याच शाळांच्या भिंतींवर व्हिनाईलचे तक्ते लागतात. डिझाइन आपण करतो, प्रिंट तालुक्याच्या गावातून करून आणतो. तक्ता हाती आला की निळा जांभळट, पोपटी मळकट आणि झेंड्यातला केशरी लालसर निघतो. मोठी माणसं चालवून घेतात, पण पहिलीतलं मूल ‘निळा’ हा शब्द त्याच तक्त्यावर बोट ठेवून शिकतं. शैक्षणिक तक्त्यात रंग ही सजावट नसते, तो पाठाचाच भाग असतो. शिवाय हा खर्च अनुदानातून नाहीतर लोकवर्गणीतून होतो. तो दोनदा करणं परवडत नाही.

रंग का बदलतो?

स्क्रीन लाल, हिरवा आणि निळा प्रकाश मिसळून रंग दाखवते. याला आरजीबी म्हणतात. छपाईत सायन, मॅजेन्टा, पिवळी आणि काळी शाई वापरतात, म्हणजेच सीएमवायके. प्रकाशाचे काही झगझगीत रंग शाईत येतच नाहीत. गडद निळा, चमकदार पोपटी आणि भडक गुलाबी हे त्यातले मुख्य. मशीन मग जवळचा रंग निवडतं.

फाइल तयार करताना

1. आधी दुकानात विचारा. फाइल आरजीबीत हवी की सीएमवायकेत? मशीनचं सॉफ्टवेअर कुठलं, त्यावर हे ठरतं.

2. निळ्यात मॅजेन्टा कमी ठेवा. दोन्ही शाया 100 टक्के असतील तर रंग जांभळाच दिसणार. सायन 100 असेल तर मॅजेन्टा 70 च्या खाली ठेवून बघा.

3. केशरीकडे लक्ष द्या. मॅजेन्टा जास्त झाला की लालसर, कमी झाला की पिवळसर.

4. नकाशात फार फिके रंग टाळा. पडद्यावर वेगळे दिसणारे शेजारचे दोन जिल्हे छापल्यावर एकच वाटतात.

5. बारीक अक्षरं फक्त काळ्या शाईत ठेवा. चार शाया मिसळून केलेल्या काळ्यात अक्षरांच्या कडा अस्पष्ट होऊ शकतात.

6. मापाला पुरेल एवढी फाइल करा. 3 बाय 2 फुटांच्या तक्त्याला इंचाला 100 पिक्सेल धरले तर 3600 बाय 2400 पिक्सेल लागतात. मुलं जवळून वाचणार असतील तर 150 धरा.

7. मराठी अक्षरं कर्व्ह करून पाठवा, नाहीतर दुकानात तो फॉन्ट नसेल तर काना-मात्रा विस्कटतात. मूळ फाइल मात्र आपल्याकडे जपून ठेवा, कारण कर्व्ह केल्यावर शुद्धलेखन दुरुस्त करता येत नाही.

8. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका. चित्राचा दर्जा घसरतो. पीडीएफ करून डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

नमुना घेतल्याशिवाय ऑर्डर नाही

वरचं सगळं केलं तरी मोबाइलच्या पडद्यावर रंग पास करू नका. प्रत्येक पडदा वेगळा असतो, त्यात ब्राइटनेस आणि नाइट मोड आलेच. त्याऐवजी एका पट्टीवर तक्त्यातल्या मुख्य रंगांचे चौकोन करा. निळ्याच्या आणि केशरीच्या दोन-तीन छटा घ्या. प्रत्येक चौकोनाखाली त्याचे आकडे लिहा. ही पट्टी त्याच मशीनवर, त्याच व्हिनाईलवर, त्याच लॅमिनेशनसह छापून मागा. ग्लॉसीवर रंग गडद दिसतात, पण खिडकीचा उजेड चमकतो आणि मागच्या बाकावरून वाचता येत नाही. वर्गासाठी मॅट बरं.

पट्टी दुकानाच्या ट्यूबलाइटखाली न बघता वर्गाच्या भिंतीवर दिवसा लावा आणि मुलांना विचारा, “हा कोणता रंग?” मुलं ज्याला न अडखळता ‘निळा’ म्हणतील, त्याचे आकडे फाइलमध्ये घाला.

पट्टी फेकू नका. मागे दुकान, व्हिनाईलचा प्रकार आणि तारीख लिहून ठेवा. पुढच्या वर्षी तक्ता कोणीही करो, अंदाज बांधावा लागणार नाही.